मीर फत्हुल्ला शिराझी आणि त्याचीं यंत्रें : एक साधनपरीक्षा

हिंदुस्थानांतील विज्ञानाच्या इतिहासावर अलीकडे जें लोकप्रिय लेखन होतें त्यांत मीर फत्हुल्ला शिराझी हें नांव वारंवार आढळतें. तो विजापूरच्या दरबारांतून अकबराकडे गेला, त्यानें सतरा नळ्यांची तोफ केली, आणि ती जगांतील पहिली मशीनगन होय, असें तीन वाक्यांत त्याचें चरित्र आटोपलें जातें. यांतील पहिलें वाक्य खरें, दुसरें अप्रमाण व तिसरें चूक आहे. ज्या गोष्टींस चांगला आधार आहे, आणि ज्या आमच्या मतें त्या तोफेपेक्षां अधिक मोलाच्या आहेत, त्यांची मात्र या लेखनांत दाद लागत नाहीं. या उलटापालटीचें कारण मूळ साधनें न पाहतां एकमेकांचे उतारे घेण्याची संवय हें होय. म्हणून साधनें कोणतीं, तीं काय म्हणतात व काय म्हणत नाहींत, हें एकदां सविस्तर मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मीर हा शिराझचा सय्यद. तर्क, गणित, ज्योतिष, वैद्यक व यंत्रविद्या या सर्वांत निष्णात म्हणून त्याचा लौकिक इराणांतच झाला होता. विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहानें (१५५८–१५८०) त्यास मोठ्या आग्रहानें दक्षिणेंत बोलावून घेतलें. हा अली विद्याव्यासंगी होता; १५७० चा 'नुजूम-उल्-उलूम' हा सचित्र ग्रंथ, ज्याची प्रत डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथालयांत आहे, त्याच्याच दरबारांतला. १५८० त अलीचा खून झाला, लहानगा इब्राहीम गादीवर आला आणि सरदारांमध्यें कारभारासाठीं चुरस सुरू झाली. अशा दरबारांत पंडितास थारा कितीसा असणार? अकबराचें बोलावणें आलें व १५८३ च्या सुमारास मीर फत्तेपूर शिक्रीस पोंचला. १५८५ त त्यास अमीन-उल्-मुल्क नेमण्यांत आलें आणि राजा तोडरमलानें महसुलाचे व्यवहार त्याच्या सल्ल्यानें करावेत असा हुकूम झाला. अजदुद्दौला हा किताबहि त्यास मिळाला. १५८९ त तो अकबराबरोबर काश्मिरांत असतां तापानें वारला. बदायूनी सांगतो कीं तापांत हकीम अलीचें न ऐकतां त्यानें हरीसा खाऊन स्वतःवरच उपचार केला. श्रीनगरजवळच्या तख्त-इ-सुलेमान या टेकडीवर त्यास पुरलें. म्हणजे अकबराच्या पदरीं त्याचीं अवघीं सहा वर्षें गेलीं. त्यांत महसूल, पंचांग, अध्यापन, एक मोहीम आणि हीं यंत्रें एवढें सर्व बसवावयाचें आहे.

त्याच्याविषयीं बोलणारे समकालीन ग्रंथकार मुख्यतः तीन: अबुल फजल, ख्वाजा निजामुद्दीन अहमद व अब्दुल कादिर बदायूनी. तिघेहि दरबारांतले, तिघांनींहि मीरास प्रत्यक्ष पाहिलेलें. असें भाग्य सोळाव्या शतकांतील फार थोड्या यंत्रज्ञांच्या वांट्यास आलें आहे. तिघांच्या प्रवृत्ति मात्र भिन्न. अबुल फजल हा बादशहाचा स्तुतिपाठक आणि मीराचा स्नेही. निजामुद्दीन बक्षी, हिशेबी, मोजकें लिहिणारा. बदायूनी कट्टर सुन्नी व मनांतून कडवट. त्यास शिया मीराची विद्या मान्य, पण वागणूक अमान्य. मीर बंदूक खांद्यावर टाकून व दारूची पिशवी कंबरेस बांधून बादशहाच्या रिकिबीबरोबर जासुदासारखा धांवतो, यांत विद्येची अप्रतिष्ठा होते, असें त्यास वाटे. आम्हांस मात्र बदायूनीच्या या तक्रारींतच मीराचें खरें चित्र दिसतें. ज्या पंडितास बंदूक हातांत घेण्याची लाज नाहीं त्यासच तिच्या नळींत कोठें काय अडतें हें कळणार.

आतां प्रत्यक्ष उल्लेख पाहूं. 'आईन-इ-अकबरी'त तोफा, बंदुका व बंदुका साफ करण्याची रीत यांवर लागोपाठ तीन कलमें आहेत. त्यांत सुटे भाग करून नेतां येणारी व पुन्हां जोडतां येणारी तोफ, एकाच बत्तीनें एकदम उडतील अशा रीतीनें जोडलेल्या सतरा तोफा, एका हत्तीवरून नेण्याची गजनाल व एका माणसानें नेण्याची नरनाल, आणि ज्याच्या फिरण्यानें सोळा नळ्या थोड्या वेळांत साफ होतात असें जनावरानें फिरवावयाचें चाक यांचें वर्णन येतें. चालतां चालतां दळण दळणारी गाडी याच ग्रंथांत दुसऱ्या ठिकाणीं आहे. या सर्वांचें श्रेय अबुल फजल बादशहास देतो. मीराचें नांव त्या कलमांत नाहीं. 'तबकात-इ-अकबरी'त निजामुद्दीन मात्र मीराच्या नांवावर तीन वस्तु घालतो: गाडीवर बसविलेलें व आपोआप फिरून दळणारें जातें, जवळून व दुरून पाहिलें असतां चमत्कारिक आकृति दाखविणारा आरसा, आणि एका वेळीं बारा नळ्या साफ करणारें चाक. दोन्ही ग्रंथांतील हा विरोध नवा शोध नव्हे. १८७३ त आईनच्या पहिल्या खंडाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करतांना ब्लॉकमननें तो टीपेंत नोंदविला आहे. दीडशें वर्षें छापील असलेली ही टीप पाहण्याचे श्रम घेतले असते तर पुष्कळ लेखन वाचलें असतें.

हे उल्लेख एकमेकांशेजारीं ठेविले म्हणजे काय दिसतें? दळणाची गाडी व नळ्यांचें चाक यांवर दोन दावे आहेत, एक बादशहाचा, एक मीराचा. आरसा एकट्या मीराचा. सतरा तोफांच्या कलमांत मीराचें नांव नाहीं, आणि तबकातीच्या यादींत सतरा तोफा नाहींत. ज्या एका गोष्टीवरून मीराची आज सर्वत्र प्रसिद्धि आहे तीच नेमकी निराधार निघते, हा योगायोग विलक्षण खरा.

यावर एक उत्तर देण्यांत येतें. बादशहा स्वतः काय यंत्रें करणार? जें जें त्याच्या नांवावर आहे तें तें मीराचेंच असलें पाहिजे. १९६८ त अल्वी व रहमान यांनीं मीरावर स्वतंत्र इंग्रजी पुस्तिका लिहून त्यास विस्मृतींतून वर काढिलें, हें मोठें काम झालें; पण त्यांच्या मागून आलेल्या लेखकांनीं हें अनुमान जणूं शिलालेखच आहे अशा थाटांत वापरलें. आम्हांस तें मान्य नाहीं. अकबराची तोफा-बंदुकांची आवड मीर येण्यापूर्वींची आहे. चितोडच्या वेढ्यांत त्यानें आपल्या समक्ष एक मोठी तोफ ओतविली, आणि १५६८ त आपल्या 'संग्राम' नांवाच्या बंदुकीनें किल्ल्यावरील जयमलास टिपलें. त्या वेळीं मीर हिंदुस्थानांतहि नव्हता. जेझुइट पाद्री मॉन्सेरात १५८० ते १५८२ या काळांत दरबारीं होता. राजवाड्याजवळ शस्त्रें घडविण्याचे व इतर कलांचे कारखाने असून बादशहा तेथें जाऊन काम पाहतो, प्रसंगीं स्वतः हत्यार हातीं घेतो, असें तो लिहितो. हा साक्षीदार परका, स्तुतीची गरज नसलेला, आणि मीराच्या आगमनापूर्वींचा. इरफान हबीब यांनीं अकबर व तंत्रविद्या यांवर लिहितांना बादशहाची ही स्वतःची आस्था पुढें मांडिली आहे, ती योग्यच होय. शिवाय बंदुका घडविणारांत उस्ताद कबीर व हुसेन यांचीं नांवें आईनमध्येंच आहेत. बादशहाकडून काढून घेतलेलें श्रेय सरसकट मीरास देतांना या दोन लोहारांस कोणी विचारीत नाहीं.

दुसऱ्या बाजूनें आईनवरहि अक्षरशः विश्वास टाकतां येत नाहीं. त्या ग्रंथाची रीतच अशी कीं कारखान्यांत जें निपजलें तें धन्याचें. आपल्याकडेहि ही रीत अपरिचित नाहीं. १६३३ त मुरार जगदेवानें भीमा-इंद्रायणीच्या संगमावर नागरगांवीं तुला केली, तेव्हां हत्तीचें वजन कसें करावें हा प्रश्न पडला; हत्ती नावेंत चढवून पाण्याची रेघ खुणावी, मग त्या रेघेपर्यंत नाव बुडेल इतके दगड भरून ते तोलावेत, ही युक्ति शहाजीराजांनीं सुचविली असें परंपरा सांगते. राजे बुद्धिमान् होते यांत संशय नाहीं. पण युक्ति एखाद्या तांडेलाची असती तरी बखरकारानें ती राजांच्याच मुखीं घातली असती, हेंहि तितकेंच खरें. पेमगिरीस निजामशाहीचें मूल गादीवर बसवून राज्य चालविणाऱ्या पुरुषाचा संगमनेरकरांस अभिमान आहे; तेवढ्यासाठीं नावाड्याचें नांव पुसण्याचें कारण नाहीं.

मग निवाडा कशावर करावा? अबुल फजलाच्या मनांत मीराविषयीं असूया होती काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. ती नव्हती. मीराच्या मृत्यूची वार्ता देतांना त्यानें केलेला शोक दरबारी शिष्टाचाराच्या पलीकडचा आहे. प्राचीन विद्येचे सर्व ग्रंथ नष्ट झाले असते तरी या पुरुषानें त्यांचा पाया पुन्हां घातला असता, असा त्याचा अभिप्राय. इलाही सनाच्या बाबतींत तर तो मीराचें नांव स्पष्ट घेतो. म्हणजे शास्त्र मीराचें असेल तेथें नांव द्यावयाचें, आणि कारखान्यांतील वस्तु असेल तेथें बादशहाचें, हा त्याच्या लेखणीचा दंडक दिसतो. पंचांग पंडिताचें, पण तोफ राजाची. निजामुद्दीनावर असा दंडक नव्हता. त्यास मीरास फुगविण्याचें कांहीं कारण नव्हतें व धन्याचें श्रेय कमी करण्यांत धोकाच होता. तरीहि तो तीन वस्तु मीराच्या म्हणतो. यास्तव जेथें तबकात मीराचें नांव घेते तेथें तें स्वीकारावें, आणि जेथें एकटें आईन बोलतें तेथील वस्तु शाही कारखान्याच्या मानाव्यात, मीराच्या नव्हेत, असा आमचा निर्णय आहे.

या निर्णयानें सतरा तोफा मीराच्या हातून जातात. त्याचें फारसें वाईट वाटावयास नको. सतरा तोफा एका बत्तीनें एकदम उडविणें ही सरबत्ती झाली. एकदां उडाल्या कीं सतरांच्या सतरा पुन्हां धुवावयाच्या, दारू भरावयाची, गोळा ठासावयाचा, रंजक घालावयाची. तोंवर शत्रु स्वस्थ बसेल काय? मशीनगन म्हणजे यंत्राच्या गतीनें एकामागून एक गोळी सुटणें व पुढली आपोआप नळींत येणें. ती गॅटलिंगनें १८६२ त हातानें फिरविण्याच्या दांड्यावर साधली व मॅक्सिमनें १८८४ त बंदुकीच्या स्वतःच्या धक्क्यावर. उलट अनेक नळ्या एका गाड्यावर ओळीनें मांडून एकदम डागण्याची रीत युरोपांत चौदाव्या शतकापासूनची. तेव्हां पहिलेपणाचा मान दोन्ही बाजूंनीं टिकत नाहीं. आणखी एक गोष्ट. आईनमध्यें सतरा तोफा जोडल्याचें आहे, सतरा नळ्यांची एक तोफ घडविल्याचें नाहीं. तोफेची नळी कोणी केली व केव्हां हें भाषांतरांच्या भाषांतरांत शोधण्याचें काम आम्ही इतरांवर सोंपवितों.

आतां ज्या वस्तूसाठीं हा लेख मुख्यतः लिहिला तिच्याकडे येऊं. बंदुकीच्या नळ्या साफ करणारें चाक हें नांव ऐकून वाचकांस वाटतें कीं लढाईनंतर नळींतील काजळी पुसण्याची ही कांहीं सोय असावी. कलम लक्ष देऊन वाचिलें तर तसें दिसत नाहीं. पूर्वीं बळकट माणसास लोखंडी हत्यारें घेऊन पुष्कळ वेळ खपावें लागे, असें अबुल फजल म्हणतो. काजळी पुसावयास बळकट माणूस लागत नाहीं, गजास गुंडाळलेली ओली चिंधी व घटकाभर वेळ पुरतो. लोखंडी हत्यारानें तासन् तास करावयाचें काम एकच: नव्या घडलेल्या नळीचें पोट आंतून घांसून, कातून, सारखें व गुळगुळीत करणें. याच्या मागच्याच कलमांत नळी कशी घडवीत तें आलें आहे. पूर्वीं पत्रा ठोकून त्याच्या दोन्ही कडा एकमेकींस भिडवीत. अशी नळी फार दारू भरली कीं फुटे, चौथाईपेक्षां अधिक भरण्याची सोय नसे. नव्या रीतींत लोखंडाची पट्टी तिरकी वळून गुंडाळीत, वेढ्यावर वेढा चढवून हळूहळू तापवीत व सांधीत. अथवा लोखंडाचे दांडे तापवून त्यांत लोखंडी सळईनें भोंक पाडीत व असे तीन-चार तुकडे जोडून एक नळी करीत. मोठ्या नळ्या दोन गज लांबीच्या असत. आतां असल्या नळीचें आंतलें अंग कसें असेल याची कोणत्याहि लोहारास कल्पना येईल. प्रत्येक सांध्यावर उंचवटा, प्रत्येक वेढ्याची खूण. गोळी अडेल, वांकडी जाईल, नाहीं तर सैल बसून दारूचा जोर बाजूनें निघून जाईल. नळी मजबूत झाली, पण सरळ व गुळगुळीत झाली नाहीं तर ती मजबुती व्यर्थ. म्हणजे हें चाक घडणावळीची शेवटची व सर्वांत कष्टाची पायरी उरकणारें यंत्र होतें.

त्याची रचना समजण्यास प्रवरेच्या कांठच्या माणसास फार सायास नकोत. उसाचा जुना चरक ज्यानें फिरतांना पाहिला आहे त्यास जनावराच्या फेऱ्याची गति लाटांपर्यंत कशी पोंचते हें सांगावें लागत नाहीं. तेथें ती गति दोन-तीन लाटांस मिळते. येथें दांत्यांच्या चाकांनीं ती वांटून एकदम सोळा नळ्यांस द्यावयाची होती. ब्लॉकमननें आपल्या आवृत्तींत या यंत्राचें चित्रहि दिलें आहे. दांत्यांचें चाक ही कल्पना मीराची नव्हे. लाहोर, दीपालपूर, सरहिंद या भागांतील रहाट बाबरानें पाहून वर्णिला आहे, त्यांत उभ्या चाकास आडव्या चाकानें फिरविण्याची हीच युक्ति होती. आमच्या दख्खनांत विहिरीवर मोट. तींत बैल उतारावर सरळ जातो व मागें येतो, दांत्यांचें काम नाहीं. तेव्हां विजापुराहून आलेल्या मीरानें उत्तरेंतील शेतकऱ्याच्या रहाटावर नजर ठेवून तो शस्त्रशाळेंत आणिला, असें म्हणण्यास जागा आहे. पाणी काढण्याची युक्ति लोखंड घांसण्यास लावणें ही थोडी बुद्धि नव्हे. बळकट माणसाच्या मनगटाऐवजीं जनावर, व एका नळीऐवजीं सोळा: बंदुका शेंकड्यांनीं पुरविणाऱ्या राज्यास याचें मोल सतरा तोफांच्या खेळापेक्षां कितीतरी पट अधिक.

बारा नळ्या कीं सोळा, हा प्रश्न उरतो. फारसींत बारास दुवाझ्दह व सोळास शांझ्दह म्हणतात. दोहोंचें शेपूट एक, म्हणून नकलकाराच्या हातून एकाचें दुसरें झालें असेल अशी शंका येते. पण दोन्ही शब्दांचीं आरंभींचीं अक्षरें इतकीं निराळीं आहेत कीं ही चूक सहजासहजीं होण्यासारखी नाहीं. निजामुद्दीनाचा वृत्तांत १५९३–९४ पर्यंत येतो. आईनवर त्यानंतरहि कांहीं वर्षें हात फिरत होता. मीराचें मूळ चाक बारा नळ्यांचें, आणि त्याच्या मृत्यूनंतर कारखान्यानें तें वाढवून सोळांचें केलें, असें मानणें आम्हांस अधिक सुसंगत वाटतें. तसें असेल तर दोन्ही ग्रंथकार खरे ठरतात, आणि अबुल फजलानें सोळांचें चाक मीराचें म्हटलें नाहीं यासहि एक कारण मिळतें.

दळणाच्या गाडीविषयीं एवढें विस्तारानें लिहिण्याचें कारण नाहीं. गाडीचें चाक फिरलें कीं त्याच्या आंसावरून गति जात्याच्या वरल्या तळीस मिळावी, ही कल्पना चीनमध्यें चौथ्या शतकांत होऊन गेली होती; इटालियन शिल्पज्ञ पोंपेओ तार्गोने यानें १५८० च्या सुमारास छावणीसाठीं गाडीवरचें जातें केलें, पण तें गाडी उभी करून घोड्यांनीं फिरवावयाचें. मीराचें चालत्या गाडीवरचें. तीं एकमेकांवरून घेतलीं असें दाखविणारा दुवा नाहीं, आणि छावणीची गरज सर्वत्र सारखीच असल्यामुळें तो मानण्याची जरूरीहि नाहीं. कल्पना नामी, उपयोग मर्यादित. जात्याचा सर्व भार अखेर गाडी ओढणाऱ्या जनावरावरच पडणार, आणि खांचखळग्यांच्या वाटेवर तळी हिसके खाणार. लमाणांचे तांडे धान्य पुरवीत व बाजारबुणग्यांतील बायका तें दळीत, ही जुनी व्यवस्था पुढेंहि दीडशें-दोनशें वर्षें सर्व फौजांस पुरली.

आरशाची गोष्ट निराळी. त्यावरून मीरानें दुर्बीण केली असें कांहींनीं लिहिलें आहे. मूळांत दूरची वस्तु जवळ दिसते असें नाहीं. जवळून पाहा कीं दुरून, आकृति चमत्कारिक दिसतात, एवढेंच आहे. खोलगट आरशाचा धर्म तंतोतंत हा. जवळ जावें तर आपलें तोंड मोठें व सुलटें दिसतें. मागें सरत जावें तों एका जागीं सर्व धूसर होतें व तेथून पुढें तेंच तोंड उलटें होतें. इब्न-उल्-हैथमच्या प्रकाशशास्त्राची परंपरा इराणी विद्यालयांत जिवंत होती. तिच्यांत वाढलेल्या पंडितानें असा आरसा घांसवून दरबाराचें मनोरंजन केलें, यांत दुर्बिणीची कांहीं आवश्यकता नाहीं.

राहिला प्रश्न दक्षिणेचा. मीर ज्या दख्खनांतून गेला तेथील तोफांची विद्या त्या काळीं उत्तरेपेक्षां मागें नव्हती. मुलुख-मैदान तोफ अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) १५४९ त, हिजरी ९५६ त, ओतली गेली. लांबी सुमारें १४ फूट, तोंडाचा व्यास २ फूट ४ इंच, वजन अजमासें ५५ टन. ओतणाऱ्या मुहम्मद रूमीचें नांव तिच्या अंगावर कोरलें आहे. पुढें १६३२ त ती परंड्याहून विजापुरास नेण्यांत आली, तीहि याच मुरार जगदेवाच्या कारकीर्दींत. पंचधातूवर स्वतःचें नांव ठेवून जाणारा हा रूमी कारागीर एकीकडे, आणि ज्याचें एकहि यंत्र उरलें नाहीं व ज्याचें श्रेय दोन ग्रंथांच्या विरोधांतून काढावें लागतें तो मीर दुसरीकडे. निजामशाहींत कारागिराचें नांव तोफेवर चढे, अकबरशाहींत बादशहाचें. हा भेद राज्याच्या स्वभावाचा आहे व तो अभ्यासकांनीं ध्यानांत घ्यावा. रिचर्ड ईटन व फिलिप वॅगनर यांनीं २०१४ तील आपल्या ग्रंथांत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आदिलशाही बुरुजांवर चौफेर फिरवितां येणाऱ्या तोफा कशा आल्या तें दाखविलें आहे. मीर नेमका याच वर्षांत तेथें होता. परंतु वर दिलेले त्याच्या यंत्रांचे उल्लेख सर्वच्या सर्व उत्तरेंतील ग्रंथकारांचे आहेत. तेव्हां विजापूरच्या तोफा मीरानें केल्या असें म्हणणें, अथवा मीराचीं यंत्रें विजापुरीं शिकलेलीं होतीं असें म्हणणें, दोन्ही आजच्या पुराव्यावर अनुचित. एका ठिकाणीं दोन गोष्टी असल्या म्हणजे एकीपासून दुसरी झाली असें होत नाहीं.

दक्षिणेशीं त्याचा पुन्हां संबंध आला तो १५८६ त, आणि तो त्यास सुखाचा झाला नाहीं. मुर्तजा निजामशहाचा भाऊ बुऱ्हाण अकबराच्या आश्रयास होता. त्याचें निमित्त करून खान-इ-आझम अझीझ कोका यास दक्षिणेवर पाठविलें व तेथील माहीतगार म्हणून मीरास बरोबर दिलें. कोका व शहाबुद्दीन अहमदखान यांचें आपसांत जमेना. मीरानें समेटाचा यत्न केला, तों कोक्यानें भर मजलसींत त्याचाच अपमान केला. इकडे खानदेशचा राजा अलीखान निजामशाही फौजेसह चालून आला; त्यास वळविण्यासहि मीर गेला, पण तो वळला नाहीं. कोका त्यास हुलकावणी देऊन वऱ्हाडांत शिरला, एलिचपूर लुटलें, आणि नंदुरबारच्या वाटेनें गुजराथेंत निघून गेला. मीरहि खिन्न होऊन गुजराथेंत खानखानानाकडे गेला. बंदुकांच्या नळ्या सरळ करणारा हा पुरुष आपल्या या मोहिमेंत बंदुकीसाठीं नव्हे, तर बोलणीं करण्यासाठीं गेला होता, आणि तें काम त्यास साधलें नाहीं.

त्याच्या इलाही सनाविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे, कारण येथेंहि एक गैरसमज फैलावला आहे. १५८४ त निघालेला हा सौर सन उलुघ बेगाच्या कोष्टकांवर रचला असून त्याची गणना १५५६ तील अकबराच्या राज्यारोहणानंतरच्या नवरोजापासून मागें नेली आहे. अधिक मास नाहीं, महिने इराणी, दिवस २९ पासून ३२ पर्यंत. आमच्याकडील फसली सन हा यांतूनच निघाला व म्हणून तो मीराचा, असें कोणी कोणी म्हणतात. दक्षिणी फसली शाहजहानच्या अमलांत, १६३६ च्या सुमारास सुरू झाला. मीरास वारून तेव्हां ४७ वर्षें लोटलीं होतीं. त्याचा आरंभ मृगापासून, इलाहीचा नवरोजापासून. फसलींत ५९० मिळविले कीं इसवी सन येतो, शुहूरांत ५९९. मृगाचा आरंभ या दोहोंस समान, इलाहीशीं त्यांचा मेळ नाहीं. १६३६ च्या वांटणींत निजामशाहीचा हा उत्तर भाग मोंगलांकडे गेला व संगमनेर हें एक सरकार झालें. तेथील जुन्या कागदांवर फसली दिसला तर त्यांत शाहजहानी दप्तराची पद्धति वाचावी, मीराचें पंचांग शोधूं नये. इलाहीची चाल शाहजहानच्याच कारकीर्दींत मागें पडली, आणि आज त्या काळच्या नाण्यांवरील महिन्यांच्या नांवांपुरतीच ती दृष्टीस पडते.